माथेरानचा झाडोरा आणि पर्यटकांच्या वाटा

रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटर उंचीवर असलेले माथेरानचे पठार हे महाराष्ट्रातील इतर गिरिस्थानांहून एका बाबतीत वेगळे आहे: येथे बाजारपेठ संपली की जंगल सुरू होते आणि पॅनोरमा पॉइंटपासून लुईझा पॉइंटपर्यंत कुठेही जायचे तरी पर्यटकाला झाडांच्या सावलीतूनच चालावे लागते. १८५० साली ठाण्याचा तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट या पठारावर चढून गेला, त्यानंतर मुंबईच्या उकाड्याने त्रासलेले इंग्रज अधिकारी आणि पारशी, बोहरी, गुजराती धनिक येथे बंगले बांधू लागले. १९०७ मध्ये पीरभॉय कुटुंबाच्या खटपटीने नेरळहून वर येणारी छोटी रेल्वे सुरू झाली आणि माथेरान मुंबईकरांच्या आवाक्यात आले. मोटारी मात्र आजही दस्तुरी नाक्यावरच थांबतात. फेब्रुवारी २००३ मध्ये केंद्र सरकारने माथेरान आणि भोवतालचा सुमारे २१५ चौरस किलोमीटरचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित केला, म्हणजे तेथील वृक्षतोड, खाणकाम, बांधकाम आणि उद्योग यांवर कायद्याने निर्बंध आणले. पावणेदोनशे वर्षे माणसांची ये-जा सोसूनही हे जंगल उभे आहे, आणि म्हणूनच पर्यटनामुळे जंगलातील वृक्षवैविध्याचे नेमके काय होते, या प्रश्नाचा विचार करण्यासाठी माथेरानइतके सोयीचे ठिकाण क्वचितच सापडेल.

या पठारावर वर्षाला सुमारे पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडून जातो आणि उरलेले आठ महिने झाडांना साठलेल्या ओलाव्यावर काढावे लागतात. पायाखालचा खडक जांभा आहे, म्हणजे मूळच्या काळ्या पाषाणातील विरघळणारी द्रव्ये पावसाने लाखो वर्षे धुऊन नेल्यावर मागे राहिलेला, लोह आणि ॲल्युमिनियम यांच्या संयुगांनी भरलेला, तांबडा, सच्छिद्र खडक. त्यावरचा मातीचा थर पातळ असतो आणि झाडांचे अन्न मुख्यतः वरच्या पाचोळ्याच्या थरातच असते. या दोन गोष्टी ध्यानात घेतल्या की माथेरानचे जंगल असे का आहे, ते उलगडते. नेरळकडून चढताना पायथ्याला साग, ऐन, पळस, सावर, कुंभा असे उन्हाळ्याआधी पाने टाकून देणारे वृक्ष दिसतात. उतारावर ऊन थेट लागते आणि पाणी टिकत नाही, तेव्हा पाने गाळणे हाच तेथे शहाणपणाचा मार्ग असतो. माथ्यावर मात्र धुके, दाट सावली आणि जांभ्याच्या भेगांतून झिरपणारा ओलावा यांमुळे सदाहरित व निमसदाहरित वृक्षांचे राज्य आहे. अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा, पारजांब, आंबा, भेरली माड ही तेथली ठळक नावे. अंजनी, जांभूळ आणि पिसा यांचा हा सहवास सह्याद्रीच्या उत्तर भागातील उंच पठारांची खूणच मानला जातो आणि महाबळेश्वरलाही तो तसाच आढळतो. कड्यांजवळ, जिथे पश्चिमेचा वारा सरळ आदळतो, तिथे हीच झाडे ठेंगणी, वाकडी आणि एकाच दिशेला झुकलेली होतात. दरीकडून आत आले की पन्नास पावलांवर तीच जात दुप्पट उंचीची भेटते.

यांतील अंजनी जवळून पाहण्यासारखी आहे, कारण माथेरानचे जंगल बहुतांशी तिच्या खांद्यावर उभे आहे आणि तरीही येणाऱ्या शंभरांतील नव्वदांना तिचे नाव ठाऊक नसते. हा फार मोठा वृक्ष नव्हे. पाने जाड, चकचकीत आणि समोरासमोर जोडीने आलेली, साल फिकट, बारीक चिरांची. मार्च ते मे या काळात कोवळ्या डहाळ्यांबरोबरच जुन्या, पाने गळून गेलेल्या फांद्यांवरही जांभळट निळ्या फुलांचे गुच्छ थेट लाकडातून फुटल्यासारखे बाहेर येतात आणि फांदी काही दिवस निळी होऊन जाते. पुढे वाटाण्याएवढी फळे धरतात, ती पिकल्यावर काळपट जांभळी होतात आणि बुलबुलांसारखे पक्षी ती खाऊन बिया इतरत्र टाकतात. अंजनीचे लाकूड अतिशय कठीण आणि जळणाला उत्तम, आणि झाडाची वाढ अतिशय मंद. उत्तम जळण आणि मंद वाढ हे गुण एका झाडात एकत्र आले की माणसाच्या शेजारात त्या झाडाचा निभाव लागणे कठीण असते. माथेरानात तो लागला, याचे श्रेय काही प्रमाणात पर्यटनालाही द्यावे लागते, त्याकडे पुढे वळता येईल.

एखाद्या जंगलात वृक्षवैविध्य किती आहे, हे सांगण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे जातींची संख्या सांगणे. वनस्पतिशास्त्रज्ञ जंगलात ठरावीक मापाच्या चौकटी, समजा वीस मीटर लांब आणि वीस मीटर रुंद, आखतात, त्यांच्यात येणाऱ्या प्रत्येक झाडाची जात नोंदतात आणि छातीच्या उंचीवर, म्हणजे भारतातील प्रथेप्रमाणे जमिनीपासून १.३७ मीटरवर, खोडाचा घेर मोजतात. चौकटी वाढवत नेल्या की सुरुवातीला नवनव्या जाती भराभर सापडतात, मग त्यांचा वेग मंदावतो आणि शेवटी नवी चौकट आखूनही नवी जात क्वचितच मिळते. तिथे यादी बऱ्यापैकी पुरी झाली असे समजतात. पनामातील बारो कोलोरॅडो बेटावर पन्नास हेक्टरांच्या एकाच भूखंडात सुमारे ३०० वृक्षजाती नोंदल्या गेल्या आहेत, तर तामिळनाडूतील मुदुमलईच्या कोरड्या पानगळी जंगलात, भारतीय विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस आखलेल्या तेवढ्याच भूखंडात, सुमारे ७०. म्हणून मुदुमलईचे जंगल निकृष्ट ठरत नाही. कोरड्या जंगलाची तुलना त्याहून कितीतरी ओल्या जंगलाशी करणेच मुळात गैर आहे.

संख्येने न कळणारी दुसरी बाब म्हणजे समतोल. दोन काल्पनिक चौकटी घ्याव्यात, दोन्हींत शंभर झाडे आणि दहा जाती. पहिलीत प्रत्येक जातीची दहा झाडे आहेत. दुसरीत एकट्या अंजनीची एक्याण्णव आणि उरलेल्या नऊ जातींचे एकेकच झाड आहे. यादी केली तर दोन्ही सारख्याच श्रीमंत, पण दुसरीत नऊ जाती एका वादळाच्या, एका कुऱ्हाडीच्या अंतरावर आहेत. हा फरक अंकात पकडण्यासाठी शॅनन निर्देशांक वापरतात. क्लॉड शॅनन या अमेरिकी गणितज्ञाने १९४८ मध्ये तो तारायंत्र आणि दूरध्वनी यांवरील संदेशांतील माहिती मोजण्यासाठी मांडला होता. पुढचे अक्षर कोणते येईल हे जितके अनिश्चित, तितकी त्यात माहिती अधिक. जंगलात त्याच सूत्राने असे विचारले जाते की डोळे मिटून एका झाडाला हात लावला, तर ते कोणत्या जातीचे निघेल याची अनिश्चितता किती? पहिल्या चौकटीत हा निर्देशांक २.३० येतो, दुसरीत जेमतेम ०.५०. पर्यटनस्थळांच्या माहितीफलकांवर जातींची संख्या मोठ्या अक्षरांत रंगवलेली असते, हा निर्देशांक मात्र कधीच नसतो.

पण शॅनन निर्देशांकही फसवू शकतो आणि नेमका पर्यटनाच्या जंगलातच अधिक फसवतो. दाट छत्राखाली थोडी मोडतोड झाली, एखादे झाड पडले, वाट रुंद झाली, कड्याकडचे दृश्य दिसावे म्हणून दोन फांद्या छाटल्या, की तेथे ऊन पोचते आणि उन्हाची वाट पाहत असलेल्या जाती उगवतात. चांदाडा हे त्याचे ठळक उदाहरण: देठ पानाच्या कडेला न जुळता पोटात जुळलेले, ढालीसारखे मोठे गोल पान, झपाट्याने वाढणारे हलके खोड, उघड्या जागेची हौस. जोसेफ कॉनेल या शास्त्रज्ञाने १९७८ मध्ये असे मत मांडले की फार शांत आणि फार अस्वस्थ अशा दोन्ही जंगलांपेक्षा मध्यम प्रमाणात विस्कटलेल्या जंगलात जाती अधिक आढळतात, कारण तेथे सावलीप्रिय आणि ऊनप्रिय असे दोन्ही गट काही काळ एकत्र नांदतात. या मतावर पुढे बरीच टीका झाली असली तरी वाटेकडेच्या पट्ट्यात जाती मोजणाऱ्याने ते विसरू नये. शिवाय हॉटेलांच्या आवारात लावलेले मादागास्करचे गुलमोहर आणि ऑस्ट्रेलियाचे सिल्व्हर ओक हेही यादीत शिरले की आकडा आणखी फुगतो. आकडा वाढत असताना मूळचे जंगल विरत जाऊ शकते. नुसती यादी पाहून वैविध्य वाढल्याचा आनंद मानणे म्हणूनच घाईचे ठरते.

मग पाहायचे काय? खोडांचे घेर. निरोगी जंगलात प्रत्येक महत्त्वाच्या जातीची रोपे सर्वांत जास्त, हाताच्या मनगटाएवढी झाडे त्याहून कमी, मांडीएवढी आणखी कमी आणि कवेत न मावणारी अगदी थोडी असा उतरता क्रम दिसतो, कारण शंभर रोपांतील एखादेच म्हातारे होते. हा क्रम खालून तुटलेला दिसला, म्हणजे मोठे जांभूळ भरपूर पण त्यांच्याखाली गुडघ्याएवढे जांभूळ एकही नाही असे आढळले, तर ते जंगल पुढच्या पिढीवाचून उभे आहे असे समजावे. पर्यटकाच्या नजरेत हे येत नाही. त्याची मान वर असते, त्याला छत्र हिरवेगार दिसते आणि ते खरोखरच हिरवेगार असते. वृक्षांचे आयुष्य शंभर-दोनशे वर्षांचे असल्याने आज थांबलेली पैदास नातवंडांच्या काळातच उजाडपणा म्हणून दिसू लागते. मोठ्या झाडांची गणना करून सर्व आलबेल असल्याचा निर्वाळा देणारे अहवाल या एका कारणाने अपुरे मानावे लागतात.

पैदास कोठे अडते, हे जांभळाच्या बीवरून समजते. मे अखेरीपासून जांभळे पिकतात, उतारावरच्या वाड्यांतील ठाकर बाया करवंदांबरोबर ती द्रोणांतून विकायला बसतात, आणि झाडाखाली गळून पडलेल्या फळांचा सडा पडतो. जांभळाची बी साठवून ठेवता येत नाही. गवताच्या किंवा बाभळीच्या बीप्रमाणे ती वर्षभर निद्रिस्त राहत नाही, तर काही आठवड्यांत तिची उगवणशक्ती संपते. म्हणजे पहिल्या पावसाबरोबर तिला ताबडतोब माती मिळाली पाहिजे, आणि तीही पाचोळ्याखालची, भुसभुशीत, बोट सहज आत जाईल अशी. माणसांच्या आणि घोड्यांच्या पायांनी दबलेल्या मातीत कणांमधल्या पोकळ्या मिटतात, हवा आणि पाणी आत जात नाही, मूळ खाली घुसत नाही आणि पावसाचे पाणी मुरण्याऐवजी पृष्ठभागावरून वाहू लागते. माथेरानच्या तांबड्या वाटा दर पावसाळ्यात अशाच धुपतात. वाटेच्या दोन्ही बाजूंना जुन्या झाडांची मुळे फूट-दीड फूट उघडी पडून पायऱ्यांसारखी दिसतात, लोक त्यांवर बसून छायाचित्रे काढतात आणि ती जमिनीत असायला हवीत ही गोष्ट सहसा कोणाच्या मनात येत नाही. उरलेली माती उन्हाळ्यात टापांखाली धूळ होते आणि वाटेकडेची पाने तांबूस पुटाने माखतात. पानांवरची रंध्रे, म्हणजे श्वासोच्छ्वासाची सूक्ष्म छिद्रे, बुजली की प्रकाशसंश्लेषणाचा वेग उतरतो. वाट खचली की चालणारा शेजारून नवी वाट पाडतो आणि तुडवलेला पट्टा दरवर्षी रुंदावत जातो. त्या उघड्या, दबलेल्या पट्ट्यात प्रथम शिरतात ती रानमोडी आणि घाणेरी ही अमेरिका खंडातून आलेली झुडपे, आणि एकदा त्यांची जाळी जमली की खाली कोणाचेच रोप वर येत नाही.

येथे ऋतूचा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि तो आजवर पुरेसा लक्षात घेतला गेलेला नाही. जुने माथेरान उन्हाळ्याचे आणि दिवाळी-नाताळचे होते. पावसाळ्यात बंगले आणि हॉटेले बंद होत, नेरळहून वर येणारी गाडी थांबे आणि जून ते सप्टेंबर पठारावर वस्तीतील माणसांखेरीज फारसे कोणी नसे. कोणी ठरवून केलेली नसली तरी ही जंगलाची विश्रांती होती, आणि ती नेमक्या त्याच महिन्यांत येत होती ज्यांत बी रुजते, रोपाला पहिली चार पाने फुटतात आणि माती ओली असल्याने पायाखाली सर्वाधिक दबते. गेल्या काही दशकांत पावसाळी सहलींचे वेड वाढले. नेरळ ते अमन लॉज स्थानक हा गाडीचा टप्पा पावसाळ्यात आजही बंद असतो, पण शनिवार-रविवारी दस्तुरी नाका गाड्यांनी भरून जातो आणि धबधब्यांकडे व पॉइंटांकडे जाणाऱ्या चिखलवाटांवरून झुंडी चालत असतात. उन्हाळ्यातील मोठ्या गर्दीपेक्षा जुलैतील थोडी माणसेही रोपांना अधिक महागात पडू शकतात. वर्षाला किती पर्यटक येतात एवढ्याच आकड्यावर जंगलाची धारणक्षमता, म्हणजे नुकसान न होता सोसण्याची मर्यादा, ठरवणे या कारणाने निरर्थक आहे; कोणत्या महिन्यात, कोणत्या वाटेने, हे कळल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

बी रुजण्याच्या आधी ते दूर पोचावेही लागते. अंजनी, जांभूळ, पारजांब, उंबर या सर्वांची फळे गरयुक्त असून त्यांचा प्रसार पक्षी, उदमांजरे, वटवाघळे आणि माकडे यांच्याकडून होतो. माथेरानची माकडे गालाच्या पिशव्यांत फळे कोंबून दूर जाऊन बिया थुंकणारी आहेत, म्हणजे मुळात ती जंगलाची माळीच. पण चणे, वेफर्स आणि मक्याची कणसे बाजाराच्या रस्त्यावरच मिळू लागल्यावर जंगलात हिंडण्याची गरज कमी होते आणि बियांचा प्रवासही तेवढ्याने तुटतो. शेकरूची गोष्ट वेगळी. ही मोठी खार जमिनीवर उतरणे टाळते आणि झाडावरून झाडावर जाते, त्यामुळे वाट किंवा तारांची रांग यांसाठी छत्रात पाडलेली खिंड तिला अडवते. ती जिथे सहज ये-जा करते तिथे वरचे छत्र सलग आहे, एवढे तरी सामान्य माणसाला दुर्बिणीवाचून कळू शकते.

एवढे सांगितल्यावर दुसरी बाजू नोंदवणे न्यायाचे होईल. मुंबईच्या इतक्या जवळ, जळाऊ लाकडाला आणि कोळशाला शतकभर भरपूर मागणी असताना, माथेरानच्या भोवतीचे कितीतरी डोंगर उघडेबोडके झाले आणि माथा मात्र झाकलेला राहिला. त्याचे एक मोठे कारण सावली हीच तेथली विकाऊ वस्तू होती. झाडे गेली असती तर बंगलेवाला आणि घोडेवाला दोघांचेही पोट बुडाले असते. मोटारबंदीने रुंद रस्ते आले नाहीत आणि रस्त्यांमागून येणारी बांधकामेही मर्यादित राहिली. महाबळेश्वर-पाचगणीलाही २००१ साली संवेदनशील क्षेत्राचा दर्जा मिळाला, पण तेथे मोटार आधीच दारापर्यंत पोचलेली होती, आणि दोन्ही ठिकाणच्या जंगलाच्या सलगपणातला फरक पाहणाऱ्याला जाणवतो. पर्यटनाने माथेरानचे मोठे वृक्ष वाचवले आणि छोटी रोपे तुडवली, असा या हिशेबाचा दोन्ही बाजूंचा ताळा आहे.

हा ताळा अंदाजावर न ठेवता मोजून मांडायचा तर तुलनेसाठी जुनी नोंद हवी, आणि माथेरान त्याबाबत भाग्यवान आहे. जे. वाय. स्मिथ याने १८७१ मध्ये या डोंगरातील माणसे, वनस्पती आणि प्राणी यांवर पुस्तक लिहिले, न्यायाधीश एच. एम. बर्डवुड याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माथेरान आणि महाबळेश्वर येथील वनस्पतींची यादी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. या याद्यांवरून कोणती जात होती ते कळते, किती होती ते कळत नाही, ही त्यांची मर्यादा. ती भरून काढण्यासाठी आसपासच्या देवराया उपयोगी पडू शकतात. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास करून दाखवून दिले की श्रद्धेने राखलेले हे तुकडे म्हणजे मूळ जंगलाचे जपलेले नमुने आहेत. सारख्याच उंचीच्या आणि सारख्याच पावसाच्या देवराईत रोपांचा जो क्रम आढळेल, त्याच्याशी पॉइंटांच्या वाटेवरील क्रम ताडून पाहिला तर नुकसान किती, याचे बरेचसे खात्रीचे उत्तर मिळू शकते.

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माथेरानातील हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश देताना दस्तुरी नाक्यापासून छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर पेव्हर ब्लॉक बसवण्यास परवानगी दिली, मात्र अंतर्गत रस्ते आणि गिर्यारोहणाच्या वाटा यांवर ते बसवू नयेत असे बजावले. हा निर्णय झाडांच्या दृष्टीने योग्य आहे, कारण मुख्य रस्त्याची धूप थांबणे आवश्यकच होते आणि जंगलातील वाटा फरसबंद झाल्या असत्या तर त्यांवरची गर्दी आणि वेग दोन्ही वाढले असते. पण मातीच्या वाटा मातीच्याच ठेवायच्या तर त्यांना आडवे चर, दगडी बांध आणि मुख्य म्हणजे विसावा द्यावा लागेल: जून ते सप्टेंबर या काळात आळीपाळीने काही पॉइंटांच्या वाटा पूर्ण बंद ठेवाव्यात आणि त्या वाटांच्या कडेला कायमच्या चौकटी आखून दर पाच वर्षांनी रोपांसकट मोजणी करावी. दस्तुरी नाक्यावर नगरपरिषद प्रत्येक पर्यटकाकडून प्रवेशकर घेतेच. त्याचा एक छोटा वाटा या कामासाठी राखून ठेवला आणि मोजणीचे निकाल त्याच नाक्यावर फलकावर लावले, तर या खर्चासाठी वेगळा निधी शोधण्याची गरज पडणार नाही.